गुनवोरचा पहिला केक

उप्सालातल्या आमच्या प्रयोगशाळेत एक रीत आहे. ज्याच्या हातून चूक होईल, त्याने दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या कॉफीला घरी भाजलेला केक आणायचा. अठ्ठावीस वर्षांत गुनवोरवर ही पाळी कधी आली नव्हती. बाईला त्याचा भारी अभिमान. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि तो तिला शाबूत घरी न्यायचा होता.

काम तसं साधं. प्रथिनाचं द्रावण फार दाट असलं की यंत्राला मोजता येत नाही. मग थोडं काढून दहापट पातळ करायचं, मोजायचं आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणायचं. गुणून झालं की गुनवोर वहीत लाल शाईने लिहायची, ‘गुणलेले आहे’. खाली दुसऱ्या कुणीतरी तपासून सही करायची. ज्या पानावरून पुढे घोटाळा झाला, त्यावर सही माझी होती.

आमच्यातल्याच यिल्वाने त्या पानावरचा तीनचा आकडा घेतला आणि पुन्हा दहाने गुणला. द्रावण तीसचं समजून पातळ केलं. प्रथिन दहापट कमी पडलं, तीन महिन्यांचे प्रयोग पाण्यात गेले. या यिल्वाला पंधरा वर्षांपूर्वी गुनवोरनेच हाताला धरून शिकवलं होतं.

"चूक कुणाची?" आमचा प्रमुख टोर्केल बैठकीत म्हणाला.

यिल्वा कपाकडे बघत म्हणाली, "गुणलंय असं गुनवोरने लिहिलंच नव्हतं."

"अगं, काय बोलतेस! लाल शाईने लिहिलंय. थांब, वही आणते," गुनवोर म्हणाली.

"राहू दे गं," टोर्केल हसला. "वय झालं की होतं असं. उद्या केक आण, विषय संपला."

गुनवोरने माझ्याकडे पाहिलं. माझ्या नोकरीची मुदत वाढवायची की नाही, हे त्याच आठवड्यात टोर्केल ठरवणार होता, आणि यिल्वा त्याच्या खास मर्जीतली. मी कॉफी ढवळत बसले. साखर न घालताच. आजही त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुनवोर वेलदोड्याचा केक घेऊन आली. सगळ्यांना वाढला. मग यिल्वापुढे वही उघडून ठेवली.

"हा केक तुझा. तुझ्या चुका इतकी वर्षं मीच निस्तरल्या, ही शेवटची."

मग सर्वांत मोठा तुकडा तिने माझ्या ताटलीत ठेवला.

"तिने वाचलं नसेल एक वेळ," ती म्हणाली, "तू तर सही केली होतीस."