नाव कुणी ठेवायचं

एस.टी. सुटली तेव्हा आबा स्टँडवर आले नव्हते. त्यांना काय म्हणायचं ते त्यांनी घरीच म्हणून घेतलं होतं : "देवाला सोडून निघालायस खरा, पण देव तुला सोडायचा न्हाई." आक्का, तू खिडकीतून चटणीचा डबा आत सारत होतीस आणि मी दात काढत होतो. गुरवकीतून सुटलो होतो ना. आता पहाटे महादेवाला पाणी घालणं नाही, पूजेची पाळी नाही.

तशी आपली गुरवकी मी काय मोठी करत होतो? बेल तू तोडायचीस, देऊळ आई झाडायची, समया तीच घासायची. ते सगळं उचलून गाभाऱ्यात नेण्याचं महाकष्टाचं काम तेवढं माझं. आई उंबऱ्याबाहेरून ओरडायची, "आरं, आधी पाणी, मग गंध!" पूजा सगळी तिला पाठ होती. आत जायचा हक्क मला होता.

तुर्भ्याच्या कारखान्यात चिकटलो, कोपरखैरण्यात खोली घेतली, शोभाशी लग्न झालं. एक दिवस शेजारणीबरोबर ती वाशीला गेली. तिथं एका बंगल्याच्या हॉलमध्ये मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची सभा भरायची आणि इंग्रजी फुकट शिकवायचे. परत आली ती उजळूनच. "अहो, तिथं बाया माईकवर बोलतात! प्रार्थना सांगतात. कुणी जातसुद्धा विचारली नाही." पुढच्या रविवारी मी गेलो. खरं सांगतो, मला केक असतो असं कळलं होतं.

नव्वदीची सुरुवात होती ती. आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला, आबांना कळलं आणि गावाचं दार लागलं. तुलाही आमच्याकडे यायची बंदी झाली.

शोभानं त्यांचं पुस्तक दोनदा वाचून काढलं. मी ते उशाला घेतलं, उंची बरोबर होती. या पंथात चहा चालत नाही. तिनं त्याच दिवशी गाळणी शेजारणीला देऊन टाकली. मी पुष्कळ दिवस टपरीवर चोरून पीत होतो आणि वेलदोडा चघळत घरी येत होतो. आणि वर्षभरात पुरोहितपद कुणाला मिळालं? मला! कारण मी पुरुष. तिथं पोरगे मिसरूड फुटायच्या आधी त्या पायरीला लागतात, बायका कधीच नाही. त्यांनी बोलावं, शिकवावं. पण पाव-पाण्याचा विधी, आजाऱ्याच्या डोक्याला तेल, ही कामं पुरुषांची. एका गाभाऱ्यातून पळालो तो नाकासमोर दुसऱ्यात जाऊन पडलो. या खेपेला उंबऱ्याबाहेर बायको होती.

मी म्हटलं, "नकोच म्हणतो."

"घ्या," ती म्हणाली. "नाहीतर आपल्या घरात कुणाकडंच नसेल." आणि माझ्या शर्टाच्या कॉलरला अशी इस्त्री केली की दिवसभर मान वळेना.

मग मुलगी झाली. त्यांच्यात बाळाला सभेत आशीर्वाद देतात आणि तिथंच नाव ठेवतात. पुरोहितपदवाले पुरुष गोल करून उभे राहतात, बाप बोलतो, आई खुर्चीवर बसून ऐकते. शोभा स्वतः शाखेच्या अध्यक्षांकडे गेली. केरळचा भला माणूस, न्हावा शेव्याला कस्टमच्या कामात होता. "सिस्टर, रूल नहीं है," म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"आता तुम्ही सांगा त्यांना," ती मला म्हणाली. "बोलत नाही मी काही. माझी पोर धरून नुसती उभी राहते."

"बघू," मी म्हटलं.

रविवार उजाडला. सगळ्यांचा एकेक हात बाळाखाली, दुसरा शेजारच्याच्या खांद्यावर. डोळे मिटले. मी खणखणीत सुरुवात केली, नावापर्यंत आलो आणि थांबलो. माझ्याकडे नावच नव्हतं!

शोभानं ठरवलं होतं, हे माहीत होतं. पण मी विचारलंच नव्हतं. आपल्यात बाप विचारतो कुठं? आत्यानं कानात सांगायचं, बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे आणि बाहेर पेढा खात बसलेल्या बापाला ते सगळ्यात शेवटी कळायचं. आक्का, एवढं मोठं पद घेऊन, डोळे मिटून, मी तुझी वाट बघत होतो.

"ब्रदर, नाम बोलो," अध्यक्ष कुजबुजले.

माझ्या खांद्यावर एकाचा हात, माझा दुसऱ्याच्या खांद्यावर, निघायला फट नाही. एक डोळा उघडला. तिसऱ्या रांगेत शोभा, हात मांडीवर. बोलायची मुभा मला, नाव तिला ठाऊक. तिनं ओठ हलवले असते तरी भागलं असतं. हलवले नाहीत.

शेवटी "एक मिनिट" म्हणून मी कुणाच्या तरी बगलेखालून वाकून बाहेर पडलो आणि पोर तिच्या मांडीवर ठेवली. ती वाकली, कानात "कुर्रर्र" केलं, काहीतरी पुटपुटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "प्राजक्ता." मी परत गोलात गेलो आणि ते मोठ्यानं म्हटलं. लोक हसले, केक वाटला.

रिक्षात मी फुशारलो, "बघ, शेवटी नाव तूच ठेवलंस!"

"कानात तर मी घरीही सांगितलं असतं. मला तिथं उभं राहायचं होतं." थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही विचारलंच नव्हतं ना त्यांना?"

"नाही."

रिक्षावाल्यानं आरशात माझं तोंड बघून घेतलं.

"सोडून देऊ," मी म्हटलं. "उद्यापासून नको जायला."

"आणि जाऊ कुठं? गावी उंबऱ्याबाहेर उभी होते, इथं बसायला खुर्ची तरी आहे. आणि माझा विश्वास आहे हो. मी काही केकसाठी आले नव्हते."

आबा गेले, गावाचं दार उघडलं. आम्ही येतो-जातो. प्राजक्ता ऐरोलीला नोकरी करते, परवा तिला मुलगा झाला. कुणी न सांगता मी नव्या अध्यक्षांकडे गेलो. माझ्या मुलीच्या वयाचा पोरगा. विचारलं, आईला बाळ धरून गोलात उभं राहता येईल का? "अंकल, नियम तुम्हाला माहीत आहे," तो नरमाईनं म्हणाला. मी आणखी दोनदा विचारलं. उत्तर तेच.

शोभा सोफ्यावर दुपटं शिवत होती. "नाही म्हणाले ना?"

"नाही म्हणाले."

"पण विचारलंत." आणि तिनं पसारा उचलून मला शेजारी जागा केली.

तुला माहीतच आहे, गावाकडनं फोन आला की इतकी वर्षं मी 'खोलीवर आहे' असंच सांगायचो. घर म्हणजे तिकडचं. त्या संध्याकाळी तुझा फोन आला, "कुठं हायस रं?"

मी म्हटलं, "घरी."