खाणीतले अर्धवट सिंह

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी मी हित्ती लोकांचा विषय घेतला होता. तीन हजार वर्षांहून जुने, आजच्या तुर्कस्तानातले राज्यकर्ते. त्यांच्या एका काळ्या दगडाच्या खाणीत अर्धवट कोरलेले सिंह उतारावर तसेच पडून आहेत.

मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "खाणीतच का कोरायला घेतले? दगड शहरात नेऊन का नाही?"

"वजन कमी व्हावं म्हणून," मी म्हणाले.

"एवढंच? पंधरा दिवसांनी ये."

भांडुपच्या आमच्या चाळीत शेजारी एक काका राहायचे. मूळचे सोलापूरकडचे. अंधेरीकडच्या दगडखाणीत आयुष्य गेलेलं, दम्यामुळे आता घरीच. मी गॅलरीत झेरॉक्स पसरून बसले होते, तर ते वाकून बघू लागले. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, एका फोटोवर बोट ठेवलं.

"हा सिंह वाया गेला बघ. मानेपासून पोटापर्यंत चीर हाय. आधी दिसत नाही, छिन्नी चालली की बाहेर येते. एवढा ओढून गावात नेला आणि तिथं फुटला तर? म्हणून खाणीतच जाडाभरडा काढून बघायचा."

पुस्तकात हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते मला चाळीमागच्या बंद खाणीत घेऊन गेले. वाटेत तीनदा दम खायला बसले. दोन दगडांवर मला हातोडी मारायला लावली. एक खणखणला, दुसरा बद्द वाजला; त्याच्या आत चीर होती. मग स्वतः छिन्नीनं ओळीत भोकं पाडून त्यांत लोखंडी पाचरी बसवल्या आणि प्रत्येकीवर आळीपाळीनं घाव घालायला सांगितलं. माझ्या तळहाताला फोड आले, पण दगड सरळ रेषेत उकलला. त्यांना धाप लागली होती, तरी हसत होते.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "कुठं वाचलंस?"

"शेजारच्या काकांनी दाखवलं."

"मग आभारात त्यांचं नाव पहिलं घाल."

टाइप केलेलं पान मी काकांना वाचून दाखवलं. त्यांच्या नावापुढे मी 'निवृत्त खाणमजूर' लिहिलं होतं.

"माझा बाप गावाकडं दगडातनं दळायची जाती घडवायचा. मीबी त्याच्याकडंच शिकलो," ते म्हणाले. "पाथरवट लिहिशील का?"

मला माझीच लाज वाटली. इतकं शिकवलं त्यांनी, आणि नावापुढे काय लिहू हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. त्याच दुपारी मुलुंडच्या टायपिंगवाल्याकडे जाऊन मी ते पान पुन्हा करून घेतलं आणि त्याची एक प्रत काकांच्या हातात दिली.