नाका सुटल्याची भजी

वाळूजच्या आमच्या छोट्या कारखान्यात व्हॉल्व्हचे पितळी भाग तयार होतात. यंत्रं धाकटे दीर बघतात. बाकीचं मी: ऑर्डरी, कागदपत्रं, चहाचं दूध. सकाळी दिवसाची कामं लिहायची आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्मी खोडायची, ही माझी पद्धत. त्या दिवशी सगळ्यात वर लिहिलं होतं: इटलीच्या बाईंना जागा दाखवणे.

आमचा माल इटलीला जाऊ लागला तो जीएसटी आल्यानंतर. त्याआधी कच्च्या मालावरचे निरनिराळे कर किमतीत मुरायचे आणि परदेशात आमचा भाव महाग ठरायचा. आता निर्यातीवरचा कर परत मिळतो. भाव जमला, माल पसंत पडला, आणि माल घेणारी इटलीची कंपनी स्वतःच्या खर्चानं एक तपासणी यंत्र आमच्याकडे बसवायला तयार झाली. अट एकच, यंत्रशाळेला लागून बंदिस्त खोली हवी. नाहीतर यंत्र पुण्याच्या एका कारखान्यात जाणार होतं.

तशी खोली म्हणजे आमचं गोदाम, आणि ते पितळी सळ्यांनी गच्च भरलेलं.

"वहिनी, सळ्या ठेवू कुठं? माझ्या डोक्यावर?" दीर सकाळपासून हेच विचारत होते.

गोदाम सांभाळणारे मामा गंगापूरचे, सासऱ्यांच्या वेळचे. त्यांनी हातच जोडले. "ताई, गोदाम रिकामं करायचं नाय. मालकांचा शब्द हाय."

शब्द खरा होता. सळ्या जामनगरहून येतात. पूर्वी राज्याच्या हद्दीवर कराचा तपासणी नाका होता. तिथं ट्रक अडकला की कधी निघेल याचा नेम नसे. म्हणून सासरे गोदाम कायम भरलेलं ठेवत. हद्द ओलांडली की ड्रायव्हर फोन करायचा, "नाका सुटला," आणि मामा सगळ्यांसाठी भजी मागवायचे.

इटलीच्या बाई गोदामाच्या दारात उभ्या होत्या आणि मामांचा फोन वाजला. मामा फोन नेहमी स्पीकरवरच घेतात.

"मामा, नाका सुटला!"

"लई बेस!" म्हणत मामा भजी सांगायला वळले.

काय झालं, असं बाईंनी विचारलं. ट्रक नाक्यावरून सुटला, असं मी इंग्रजीत सांगितलं. कसला नाका, असं त्यांनी विचारलं. मी समजावायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. तो नाका जीएसटी आल्यावर उठला होता. हे मला ठाऊक होतं, दीरांनाही ठाऊक होतं.

मामांच्या हातातला फोन अजून चालूच होता. मी त्याच्याकडं वाकून विचारलं, "दादा, तुम्ही आत्ता थांबलात कुठं?"

"नाक्यापाशी. म्हंजे व्हता तिथं. आता हाटेल हाय."

"मग थांबलात कशाला?"

"फोन कराया!"

दीर हसत हसत खाली बसले. "म्हणजे नसलेल्या नाक्याला भिऊन खोली अडवलीय आपण!"

ट्रक हल्ली वेळेवर येतो, एवढा साठा लागत नाही, हे मी बाईंना सांगितलं. खोली महिनाभरात मोकळी करून देते म्हणाले. त्यांनी भिंतींची मापं घ्यायला सुरुवात केली.

मामा मात्र दारातून हलेनात.

"मामा, मालकांचा शब्द नाक्यापायी होता ना?"

"व्हय."

"नाकाच नाही आता."

त्यांनी सळ्यांकडं एकदा पाहिलं. "मग घ्या रिकामं करून. पन भजी?"

"भजी चालूच राहू द्या."

यंत्र आलं, बसलं, चालू आहे. सळ्या आता थोड्या थोड्या येतात, म्हणजे ट्रक पूर्वीपेक्षा जास्त वेळा येतो. ड्रायव्हर अजून त्या हॉटेलपाशी थांबून फोन करतो. माझ्या आठवड्याच्या खर्चात भज्यांची ओळ आता कायमची आहे.