उजव्या हाताची खिडकी

त्या काळी विमानात बसण्याआधी माणसाला काट्यावर उभं करून तोलत असत. जुहूच्या विमानतळावर पत्र्याच्या शेडमध्ये तो काटा होता, जिनिंगमध्ये कपाशी तोलायला असतो तसाच. बाईसाहेब काही केल्या त्यावर चढेनात. "मी काय ज्वारीचं पोतं आहे?" असं त्या आपल्या कारभाऱ्याला खडसावून विचारत होत्या. इंदूरच्या एका बड्या घराण्यातल्या त्या वृद्ध बाई. मुंबईत आमच्या इस्पितळात त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि आगगाडीचे हिसके सोसवणार नाहीत म्हणून मुलाने त्यांना विमानाने घरी न्यायचं ठरवलं होतं. सोबत नर्स म्हणून माझी नेमणूक झाली होती. खरं तर काट्यावर चढताना त्यांना आधार देणं माझं काम, पण माझं लक्ष शेडच्या दाराबाहेर होतं. बाहेर विमान उभं होतं, आणि त्याच्या कोणकोणत्या खिडक्या पंखाखाली झाकल्या जातात ते मी पाहत होते.

मला उजव्या हाताची, पंखामागची खिडकी हवी होती. आयुष्यात मी फारशी कशाची मागणी केली नाही. केली तेव्हा मिळालं नाही, म्हणून सवयच गेली. पण ती खिडकी मला हवीच होती, कारण मुंबईहून इंदूरला जाणारं विमान धुळ्याच्या अंगाने जाऊन तापी ओलांडतं असं मी चौकशी करून काढलं होतं. तापीच्या काठी, शिंदखेड्याच्या पुढे, आमचं गाव. ते उजव्या हाताला येणार होतं. आणि तो दिवस आखाजीचा होता.

अक्षय तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. लेकीबाळींचा एवढा मोठा सण आमच्याकडे दुसरा नाही. सासरच्या पोरी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पण लेक आपल्या पायाने येत नाही. माहेरचं कोणीतरी तिला न्यायला जातं, त्याला मूळ म्हणतात. मूळ आलं नाही तर लेकीने उंबऱ्यात बसून वाट पाहायची, एवढाच तिचा हक्क.

मला मूळ येणं कधीच बंद झालं होतं. लहानपणी जळगावकडच्या एका गावात मला दिली. नवरा तापाने गेला, तेव्हा मला धड लुगडंही नेसता येत नव्हतं. सासरच्यांनी परत पाठवली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भाऊबंदांशी भांडून मला धुळ्याला शाळेत घातलं आणि पुढे नर्सिंग शिकायला मुंबईला पाठवलं. तिथपर्यंत आबा वाघ होते. पण पोर कुठल्याही जातीच्या माणसाचं अंग पुसते, त्यांच्याच पंगतीला जेवते, हे गावात कळलं आणि भाऊबंदांनी आमच्या घरचं पाणी सोडलं. आबा म्हणाले, धाकट्याचं लग्न होऊ दे, मग मूळ धाडतो. धाकट्या भावाचं लग्न झालं. मग त्याला मुलगी झाली आणि तिच्या लग्नाची काळजी पाळण्यातच सुरू झाली. मला कोणी येऊ नको म्हणालं नाही. फक्त न्यायला कोणी आलं नाही. आखाजीच्या दिवशी मी नर्सेसच्या क्वार्टर्समध्ये बदली ड्यूटी मागून घेत असे. त्या दिवशी मुंबईत लेकींचा कसला सण नसतो, ते बरं पडे.

म्हणून हे विमान. दुसरं महायुद्ध संपलं त्याच्या पुढचा उन्हाळा होता. आमच्या गावच्या कासाराचा मुलगा मुंबईत गिरणीत होता आणि सणाला घरी निघाला होता. त्याच्याजवळ मी निरोप दिला: एकट्या आबांना सांग, दुसऱ्या कोणाला नाही. आखाजीला सकाळची न्याहारी झाली की घरावरच्या धाब्यावर उभे राहा. मी वरून जाणार आहे. तुमच्या लाल पागोट्यावरून मी तुम्हाला ओळखीन.

विमानात शिरल्यावर आतली वाट चढणीची होती, शेपूट जमिनीला टेकलेलं असल्यामुळे. बाईसाहेबांना धरून मी ती चढण चढवत होते. डाव्या हाताच्या खुर्च्या भराभर भरल्या, कारण सकाळचं ऊन उजवीकडून येणार होतं. कारभाऱ्याने बाईसाहेबांसाठीही डावीकडची सावलीची जागा धरून ठेवली होती. मी म्हटलं, "टाके उजव्या कुशीला आहेत. डावीकडे बसल्या तर येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का नेमका टाक्यांवर बसेल. उजवीकडे बसू द्या, त्यांच्या उजव्या अंगाला मी बसते."

हे अगदी खरं होतं. माझा स्वार्थ आणि माझं कर्तव्य जन्मात एकदाच शेजारी शेजारी बसले, तेही विमानात. कारभारी कुरकुरला, पण नर्सपुढे कारभाऱ्याचं चालत नाही. पंखामागची रांग रिकामीच होती. मी खिडकीशी बसले.

बसल्याबरोबर बाईसाहेब म्हणाल्या, "तो पडदा ओढ. ऊन लागतंय."

मी पडदा ओढला. एवढी खटपट करून मिळवलेली खिडकी, आणि माझ्या नाकासमोर करड्या रंगाचं कापड. विमान उडालं. बाईसाहेबांनी माझा हात असा आवळला की मनगटावर वळ उठला. मी त्यांना आल्याचा तुकडा दिला, कपाळ पुसलं, आणि पडद्याची कड करंगळीने जराशी सरकवून बाहेर पाहत राहिले. घाट गेले. डोंगर बुटके झाले. मग मोकळी, भाजलेली, काळी रानं लागली आणि मला न सांगता कळलं की खानदेश आला. त्या दिवसांत तिथे वरून पाहण्यासारखं काही नसतं. पीक निघून गेलेलं, नाले कोरडे, झाडं विरळ. 

पांझरेच्या काठचं धुळं दिसलं, तेव्हा मी सरळ पडदा बाजूला केला.

"अगं, ऊन!" बाईसाहेब म्हणाल्या.

"बाईसाहेब, आता खाली माझं माहेर येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बड्या घरच्या असल्या तरी त्याही कोणाच्या तरी लेकच होत्या. "मग बघ," त्या म्हणाल्या, "मी डोळे मिटून घेते." आणि पदर तोंडावर ओढून त्यांनी खरंच डोळे मिटले.

तापी आली. वाळूच्या रुंद पट्ट्यातून पाण्याची एक बारीक धार आणि वाळूत डांगर-टरबुजांच्या वाड्यांचे हिरवे ठिपके. नदीचं वळण मी लगेच ओळखलं. त्या काळी विमानं आजच्याइतकी उंच जात नसत. देवळाचं शिखर दिसलं, मग आमची गल्ली, मग ओळीने मातीची सपाट धाबी. आमचं धाबं कडेचं, चिंचेजवळचं. त्यावर माझी नजर ठरली.

मी लाल पागोटं शोधत होते. आबांना मी पागोट्याशिवाय कधी पाहिलेलंच नाही. झोपतानाही ते उशाशी असायचं. धाब्यावर पागोटं नव्हतं. कोणीतरी उभं होतं, पण त्याचं डोकं पांढुरकं दिसत होतं, आणि त्याच्याजवळ तांबडं लांबलचक लुगडं वाऱ्यावर फडफडत होतं. मला वाटलं, भावजय धुणं वाळत घालत असेल. मी शेजारचं धाबं पाहिलं, त्याच्या पलीकडचं पाहिलं, गल्ली पाहिली. तेवढ्यात सगळं मागे गेलं आणि सातपुडा आला.

"दिसलं का गं कोणी?" पदराआडून बाईसाहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं आणि पडदा ओढून घेतला.

आबा आले नाहीत, असं मी धरून चालले. मूळ धाडायला भाऊबंद आडवे येतात हे मी समजू शकत होते. पण आपल्याच धाब्यावर चढायला कोणाची भीती? जिना चढून चार घटका वर पाहणं एवढंच मी मागितलं होतं. इंदूरहून परतताना मी आगगाडीत सबंध वाट धुमसत होते. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण माझा राग आधी येतो आणि रडू त्याच्या मागे राहून जातं. कासाराचा मुलगा गिरणी सोडून गावीच राहिला, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं. आणि असतं तरी मी विचारलं नसतं. वर्षभर मी आबांवर रुसून होते. ज्याच्यावर रुसायचं त्याला पत्ताच नसला की तो रुसवा फार जड होतो.

पुढच्या वर्षी आखाजी होऊन गेल्यावर धुळ्याहून निरोप आला. तिथल्या इस्पितळात माझ्याबरोबर शिकलेली एक नर्स होती. तिने कळवलं की तुझे वडील डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्या वॉर्डात आहेत, मुलगा पेरणीच्या तयारीसाठी गावी गेला आहे, ते एकटे आहेत. मी रजा टाकून निघाले.

आबा उताणे निजले होते. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोकं उघडं, केस पार पिकलेले. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"कोन शे?"

"मी शे, आबा."

ते माझा हात चाचपून पाहत राहिले. मला त्यांचं पथ्यपाणी विचारायचं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. "गेल्या सालनी आखाजीले तुम्ही धाबावर का नही ऊनात?"

"नही ऊनू?" ते उठूनच बसायला लागले. मी त्यांना धरून खाली निजवलं. "मी पागोटं सोडीसन हालावत व्हतू ना! डोकावरलं पागोटं इतलं वरथून तुले काय दिसतं?"

म्हणजे ते लुगडं नव्हतं. मी हसले. वर्षाचा रुसवा एका क्षणात गळून पडला आणि मी त्या वॉर्डात मोठ्याने हसले. आबा हसले नाहीत. मग त्यांनी मला पुढचं सांगितलं, थांबत थांबत. डोळे बांधलेले होते म्हणूनच त्यांना ते सांगता आलं असावं.

आमच्याकडे जुनी माणसं उघड्यावर बोडकी उभी राहत नसत. घरात कोणी गेलं तरच पागोटं उतरे. आणि आबांनी माझ्या निरोपाबद्दल घरात चकार शब्द काढला नव्हता. सणाच्या सकाळी गल्लीतल्या लोकांनी पाहिलं ते एवढंच: म्हातारा बोडक्या डोक्याने धाब्यावर उभा आहे, पागोटं हातात आहे, तोंड आभाळाकडे आहे आणि रडतो आहे. विमान कोणी पाहिलं असेल, कोणी नसेल. त्याचा संबंध कोण लावणार? संध्याकाळपर्यंत भाऊबंद ओट्यावर जमले. कोणीतरी हलक्या आवाजात विचारलं, मुंबईवाली का? आबांच्या तोंडून शब्द फुटेना. आणि धाकटा भाऊ पुढे होऊन म्हणाला, हो.

ज्यांनी वर्षानुवर्षं आमच्या घरचं पाणी सोडलं होतं ते त्या रात्री दुखवट्याच्या भाकरी घेऊन आले आणि आमच्याच घरात बसून जेवले. भावाच्या मुलीची वाट मोकळी झाली. माझा दहावा झाला, तेरावा झाला. नर्स म्हणून मी कितीतरी मेलेली माणसं पाहिली आहेत. खात्री झाल्याशिवाय आम्ही चादर तोंडावर ओढत नाही. माझी नाडी कोणी पाहिली नव्हती.

"तुम्ही का नही बोलनात, आबा?" मी विचारलं. मला त्यांचा फार राग आला होता आणि त्यांचं मनगट मात्र मी सोडलं नव्हतं.

"बठ्ठा घर मां जेवी ऱ्हायंतात," ते म्हणाले. "किती वरीसथून जेवी ऱ्हायंतात."

सगळे घरात जेवत होते, कितीतरी वर्षांनी. मी त्यांना पाणी पाजलं, उशी नीट केली.

मग ते या वर्षीच्या आखाजीचं बोलले. वर्षात जो गेला असेल त्याच्या नावाने आखाजीला पाण्याची घागर भरतात. भावाने पाट मांडला, घागर ठेवली, आबांना समोर बसवलं. गुरुजींनी गेलेल्याचं नाव घ्यायला सांगितलं.

"मी नाव नही लिधं," आबा म्हणाले. "नुसता व्हट हालावात. कोनले समजनं नही."

 दिवेलागण झाली होती, वॉर्डातली भेटायला आलेली माणसं उठू लागली होती. सकाळी भाऊ येणार होता, त्याआधी मला निघायचं होतं. हे आबांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्यांनी मान जराशी उचलली. "आठे आपला गावना कोनी शे का?"

मी खाटांवरून नजर फिरवली. "नही, आबा. कोनी नही."

तेव्हा त्यांनी माझं नाव घेतलं. मोठ्याने घेतलं, लहानपणी शेतातून हाक मारायचे तसं, आणि मी ओ दिली.