कापसातली अमानत

ती घटना आठवली की आजही मला आधी माझे बूट आठवतात. एका घराच्या आतल्या खोलीत मी ते घालून शिरलो होतो, आणि घरमालक हात जोडून नको म्हणत होता.

नोकरीची शेवटची वर्षं मी चाकूर-अहमदपूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं, गावाचं, माणसांचं नाव सांगणार नाही. मंडळी अजून तिथंच नांदताहेत. संशय हा माझा जुना सोबती. पोलिसात जाऊन मी संशयी झालो असं बायको म्हणते. मला वाटतं, संशयी होतो म्हणूनच पोलिसात टिकलो.

श्रावण चार दिवसांवर आला होता. हद्दीतल्या एका गावात महादेवाचं देऊळ आहे. पहिल्या सोमवारी देवाचा चांदीचा मुखवटा पालखीत बसवून गावातून मिरवतात. एरवी तो कुलूपबंद पेटीत, पुजाऱ्यांच्या ताब्यात. पुजारी म्हणजे पंचाहत्तरीचे एक जंगम, गाव त्यांना अप्पा म्हणे. तीन आठवड्यांपूर्वी अप्पांना ऑपरेशनसाठी लातूरला नेलं होतं. ऑपरेशन बिघडलं आणि ते शुद्धीवर आलेच नव्हते. पालखीच्या तयारीला जावयानं किल्ली आणून पेटी उघडली, तर पेटी रिकामी! कुलूप मात्र जसंच्या तसं.

देवळाच्या कमिटीत दोन गट. मुखवटा आपल्या घरी राहावा म्हणून दोघांनीही अप्पांचा पिच्छा पुरवलेला. आता दोघेही ठाण्यात येऊन एकमेकांकडे बोट दाखवू लागले. एका गटाचा पुढारी किराणा दुकानदार होता. त्यानं फिर्याद दिली, अज्ञात चोराविरुद्ध गुन्हा दाखल झाला. दोन दिवसांनी तोच दुकानदार पुन्हा आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. पिंजाऱ्याच्या घरात बघा. आतल्या खोलीत, कापसात हाय."

हा पिंजारी साठीचा मुसलमान गृहस्थ. गाद्या-उशा भरून द्यायचा, पालखीतली गादीही दरवर्षी तोच भरायचा. गावातल्या लहानशा मशिदीत पाच वेळा अजान द्यायचा. सगळे त्याला चाचा म्हणत. मी स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच, महिला शिपाई आणि माझा हवालदार घेऊन सकाळीच त्याच्या दारात उभा राहिलो.

चाचानं आम्हाला पाहिलं आणि पिंजायचं यंत्र बंद केलं. बायकोला म्हणाला, "बाजूला हो." मी आतल्या खोलीकडे वळलो तसा तो आडवा आला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, बूट काढून जावा. आत देव हाय."

मी थांबलो. चोरीचा माल सापडायच्या आधीच तो कुठं आहे हे सांगणारा चोर मी पाहिला नव्हता. पण अशा वेळी माझं डोकं एकाच दिशेनं चालायचं. वाटलं, फार मुरलेला दिसतोय, माल सापडणार हे ओळखून आधीच भक्तीचं सोंग आणतोय. त्याला ढकलून मी बुटांसकट आत गेलो. उंच फळीवर पांढऱ्या कापसात, कोऱ्या कापडात गुंडाळलेला मुखवटा होता. कपाळावरची विभूतीसुद्धा पुसलेली नव्हती.

पंचनामा होईस्तोवर दारात गर्दी जमली. "देव चोरला!" अशी आरोळी उठली. कुणीतरी पत्र्यावर दगड मारला. मी चाचाला गाडीत घातलं, त्याच्या घरावर पहारा बसवला आणि जादा कुमक मागवली. अटक दाखवली. चोवीस तासांत त्याला कोर्टात उभा करायचा होता. चोरीचा शिक्का घेऊन तो कोर्टाच्या पायऱ्या चढला असता तर त्या गावात त्याचं घर राहिलं नसतं, हे मलाही दिसत होतं आणि त्यालाही.

ठाण्यात मी त्याला समोर बसवलं.

"चोरी केलीस?"

"न्हाई."

"मग कुणी आणून दिला?"

"ते सांगता येत न्हाई साहेब."

"येत नाही की सांगायचं नाही?"

"ज्याचा हाय तो मागायला येईल. त्याला विचारा."

संध्याकाळपर्यंत एवढंच. दरडावून पाहिलं, चहा पाजून पाहिलं. घरावर दगड पडताहेत, बायको एकटी आहे, असंही सांगितलं. त्याचे डोळे भरून आले, पण तोंड उघडलं नाही. मी मनाशी जुळणी केली: किल्ली अप्पांकडे, कुलूप शाबूत, माल याच्याकडे. म्हणजे अप्पांनीच विकला आणि यानं घेतला. अप्पा बोलू शकत नाहीत हे याच्या पथ्यावरच पडलेलं. जुळणी इतकी चोख होती की मला तिचाच संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आला. माणूस त्याच भागातला, कुठं काय विचारावं हे त्याला बरोबर कळायचं. तो गावातल्या खाटकाकडे जाऊन आला होता.

"साहेब, चाचाच्या घरी तीन हप्त्यांपासून मटण न्हाई. दर जुम्म्याला अर्धा किलो ठरलेलं. एका गुरुवारी सकाळीच सांगून गेला, आता नगं. पाहुणे आले तर बायको मागच्या गल्लीत भावाच्या घरी रांधून राहिली."

"गुरुवार कुठला?"

"अप्पाला लातूरला नेलं तो."

मी खुर्चीतून उठलो. चोरीचा माल घरात आला म्हणून मटण सोडणारा माणूस माझ्या हिशेबात कुठंच बसत नव्हता. आणि मग दुसरी गोष्ट टोचली, जी पहिल्याच दिवशी टोचायला हवी होती. कोणती खोली आणि कशात ठेवलाय, हे दुकानदाराला कसं कळलं?

त्याला बोलावून घेतलं आणि हाच एक प्रश्न विचारला. आधी म्हणाला, अंदाज होता. मी म्हटलं, अंदाज घरापर्यंत असतो, कापसापर्यंत नसतो. तेव्हा त्याला घाम फुटला.

"अप्पाला जाताना बघितलं होतं साहेब. त्या गुरुवारी, गाठोडं घेऊन चाचाच्या घरात शिरले. मागच्या खिडकीतून बघितलं, दोघांनी मिळून फळीवर ठिवलं."

"अप्पांनी स्वतः ठेवलं हे माहीत होतं, मग फिर्याद चोरीची का दिलीस?"

त्यानं घाम पुसला. मग म्हणाला, "अप्पानं देव मुसलमानाच्या घरी ठिवला असं उघड झालं असतं, तर पूजेचा मान गेला असता. मग मुखवटा आमच्याकडं आला असता. पण नुसतं सांगून कुणी ऐकलं नसतं. पोलिसांनी काढला की गाव पेटतंय."

असा राग मला नोकरीत फार कमी वेळा आला. त्यातला निम्मा माझ्यावरच होता, कारण त्यानं काडी दिली आणि ओढली मी. त्याचा जबाब लिहून घेतला, खोट्या फिर्यादीची कारवाई त्याच्यावर सुरू केली आणि चाचाकडे गेलो.

"अप्पांनी दिला, हे कळलंय मला. तू का बोलला नाहीस?"

"त्यायनी शब्द घेतला होता. दोन्ही गट ओढाओढी करून राहिले, मी परत येईस्तोवर सांभाळ, कुणाला कळू देऊ नको म्हणले. आन अप्पा शुद्धीत न्हाईत साहेब. मी नाव घेतलं तर हो का न्हाई म्हणायला तरी उठतेत का?"

"तुमच्यात मूर्ती मानत नाहीत. मग मटण का बंद केलंस? अप्पांनी सांगितलं होतं?"

"न्हाई. ते कशाला सांगतील? मी न्हाई मानत. माझी नमाज माझ्यापाशी. पण अप्पासाठी तो देव हाय. अमानत ज्याची हाय, त्याच्या रीतीनं सांभाळायची. नुसती वस्तू सांभाळली तर आर्धीच सांभाळली." मग पुढं म्हणाला, "मक्केचे लोक पैगंबरसाहेबांच्या जिवावर उठले होते, तरी ठेवी त्यांच्यापाशीच ठेवायचे. गाव सोडायची पाळी आली तवा त्यायनी चुलतभावाला मागं ठिवलं, का तर ज्याची त्याची ठेव पोचवायला. ज्यायनी हाकललं, त्यायच्याच ठेवी. आन दुसऱ्याच्या देवाला वंगाळ बोलू नका, हे तर कुराणातच हाय. मी काय नवं केलं?"

आता माझा स्वभाव बघा. गोड बोलणाऱ्या आरोपीवर मी जास्तच नजर ठेवतो. बाहेर येऊन मी बिलोलीच्या एका निवृत्त उर्दू मास्तरांना फोन लावला. पूर्वी तिथं नोकरीला असताना ओळख झालेली. विचारलं, असं खरंच सांगितलंय का तुमच्यात? मास्तर हसले. म्हणाले, "साहेब, ही गोष्ट आम्ही लहान लेकरांना सांगतो. तुमची नोकरी संपत आली, आणि आत्ता विचारताय?"

कोर्टात मी कोठडी मागितली नाही. दुकानदाराचा जबाब समोर ठेवला, चाचा त्याच दिवशी सुटला. मी स्वतः त्याला गावात घेऊन गेलो आणि देवळापुढे उभं राहून, कुणी काय केलं ते नावानिशी सांगितलं. बऱ्याच जणांनी माना खाली घातल्या. काहींनी नाही घातल्या, तेही मी पाहिलं. कोर्टाच्या आदेशाविना मुद्देमाल सोडता येत नव्हता, त्यामुळे त्या सोमवारी पालखी मुखवट्याविनाच निघाली.

अप्पा पुढच्या आठवड्यात शुद्धीवर आले. दवाखान्यात जाऊन त्यांचा जबाब नोंदवला, तो चाचाच्या शब्दाशी तंतोतंत जुळला. पंधराव्या दिवशी कोर्टाचा आदेश मिळाला आणि जावयाच्या खांद्यावर हात ठेवून अप्पा मुखवटा न्यायला ठाण्यात आले. सुपूर्तनाम्यावर सही झाली. मी मुखवटा त्यांच्यापुढे धरला, तर अप्पांनी हात मागे घेतले. "चाचाला बोलवा," म्हणाले.

चाचा आला तो वजू करून, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हात-तोंड-पाय धुऊन, डोक्यावर टोपी घालून. कायद्यात असं कुठं बसत नव्हतं, तरी मी मुखवटा त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी अप्पांच्या हातात ठेवला. "अप्पा, बघून घ्या. काही कमी-जास्त झालं असंल तर माफ करा." अप्पांनी मुखवटा एका हातानं छातीशी धरला. दुसऱ्या हातानं चाचाचं मनगट धरलं ते बराच वेळ सोडलंच नाही.

संशयानं मला नोकरीत खूप मिळवून दिलं, ते मी नाकारत नाही. पण त्या माणसाबद्दल मी सगळं विचारलं: त्याचं येणं-जाणं, ओळखीपाळखी, जुने गुन्हे. त्याचा धर्म त्याला काय सांगतो, एवढंच विचारलं नव्हतं. ते मला ठाऊकच आहे अशी माझी समजूत होती. तपासात सगळ्यात घातक समजूत तीच, हे मी निवृत्तीच्या तोंडावर शिकलो.

निघताना चाचा माझ्यापाशी आला. आधीचं काही मनात न ठेवता म्हणाला, "साहेब, पंधरा दिवस तुमच्यापाशी व्हता देव. तुम्हीबी चांगली सांभाळली अमानत."

मी मान हलवली. मुद्देमालाच्या खोलीत तो मुखवटा पंधरा दिवस जप्त केलेल्या हातभट्टीच्या कॅनशेजारी, जमिनीवर पडून होता.