उस्ताद धुळाजीची उमेदवारी

तेलगावच्या कापसाच्या जिनिंगातलं इंजिन धुळाजी लोहाराशिवाय कुणाचं ऐकत नसे, आणि धुळाजी कुणाचंच ऐकत नसे. जमील मिसरूड फुटायच्या आधी त्याच्या हाताखाली आला होता. आता त्यालाच दोन लेकरं झाली होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की तयार शागिर्दाच्या डोक्याला उस्तादाने रुमाल बांधायचा, अशी तिथली रीत. जमील दरसाल डोकं पुढे करी. धुळाजी म्हणे, "आजून कच्चा हायस बे," आणि त्याच रुमालाने स्वतःचा घाम पुसे.

अशात बीडला हुन्नरशाळा निघाली आणि निजाम सरकारचं फर्मान आलं: इंजिनाला हात लावील तो शाळेचा सनदवाला, नाही तर शाळेचा शिकाऊ उमेदवार. इंजिन गेलं तर धुळाजीला विचारतो कोण? चाळिशी उलटलेला हा गडी मुकाट पोरांच्या बाकावर जाऊन बसला.

शाळेत फळा होता, इंजिनाची चित्रं होती, इंजिन तेवढं नव्हतं. म्हणून शाळेने कारखान्यांशी ठराव केला: शिकणाऱ्याने तिथे वर्षभर उमेदवारी करायची, तिथल्या मिस्त्रीने तयार म्हटलं की सनद. धुळाजीला उमेदवारीला धाडलं तेलगावच्या जिनिंगात. तिथला मिस्त्री धुळाजीच.

वर्ष सरलं. हेडमास्तर तपासायला आले आणि म्हणाले, आपणच आपल्याला पास करता येत नाही, दुसरा मिस्त्री आणा. इंजिन जाणणारा दुसरा माणूस एकच होता, आणि तो कच्चा होता.

धुळाजीची बायको बायनाबाई धुतलेला रुमालच घेऊन आली. कडू काढा प्यावा तसं तोंड करून धुळाजीने तो जमीलच्या डोक्याला बांधला. जमीलला रडू आवरेना. डोळे पुसत तो म्हणाला, "साहेब, उस्ताद पक्के हायत!"

धुळाजी भडकला. "इंजिन चालू केलं न्हाई, आवाज ऐकला न्हाई, आन् पास? म्हनून म्हनत होतो, कच्चा हायस!"

"मग करा चालू."

धुळाजीने रागारागात इंजिन सुरू केलं. जमीलने कान लावला.

"पट्टा ढिला हाय, उस्ताद," तो चाचरत म्हणाला. "आजून... कच्चे हायत तुमी."

धुळाजीने कान दिला. पट्टा खरंच ढिला होता. त्याने जमीलच्या पाठीत आनंदाने थाप मारली. "आता झालास पक्का!"

"अवं, सनद गेली की!" बायनाबाई ओरडली.

सनद गेली ती गेलीच. धुळाजीने आणखी एक साल उमेदवारी केली, जमीलच्या हाताखाली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली तसं त्याने डोकं पुढे केलं. जमीलने रुमालाने स्वतःचा घाम पुसला.