नितळ पाणी

गिरण्यांचा संप चिघळला तेव्हा मालवणचा गुणाजी तावडे गावी परतला नाही. साकीनाक्याच्या एका रंगाईच्या कारखान्यात लागला. हात कोपरापर्यंत कायमचे जांभळे. पण नजर अशी, की विसळलेल्या कापडाचं पाणी बघायचा आणि "झाला धुऊन" म्हणायचा, की माल पुढे जायचा. त्या नजरेचा त्याला भारी गर्व. त्या गर्वानेच घात केला.

लेक शुभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. अवघडल्या पोरीने नळावर रांगेत उभं राहू नये म्हणून बापाने कारखान्यातलं रंगाचं रिकामं पिंप खांद्यावरून घरी आणलं. सोड्याने घासलं, पाणी नितळ येईपर्यंत विसळलं. बायको वनमाला कुरकुरलीच. हा म्हणाला, "रंग गेलो, म्हणजे इषय संपलो." चाळीतल्या अर्ध्या घरांत असलीच पिंपं, कोण कोणाला शहाणपण शिकवणार?

गुणाजीला गोल्डफिश पाळायचं वेड. अंडी तो बरणीत वेगळी ठेवी आणि भिंग लावून आतल्या पिल्लांचे काळे डोळे शुभाला दाखवी. या खेपेला डोळे दिसले, पण शेपट्या वाकड्या. बाहेर आली ती पिल्लं तळाशी गरगरत मेली. त्याने माशांना शिव्या घातल्या, नवी जोडी आणली. पुन्हा तेच.

पुढच्या वेळी पिंपातलं पाणी एकाच बरणीला पुरलं. दुसरीत वनमालाने शेजारच्या राधाबाईच्या हंड्यातलं ओतलं. राधाबाईच्या पाण्यातली पिल्लं सरळ पोहू लागली. पिंपाच्या पाण्यातली वाकडीच निघाली.

गुणाजीने दोन्ही बरण्या उजेडात धरल्या. पाणी दोन्हींत सारखंच नितळ होतं. शुभा आल्यापासून तिचा चहा, तिची पेज, सगळं त्या पिंपातलंच. त्याने भरलेलं पिंप दारातच आडवं केलं. पाणी चाळभर वाहिलं.

"बाबा, चांगलं पाणी कशाला ओतताय?"

"पिंप फुटला गो," तो म्हणाला. पोरीशी तो कधी खोटं बोलला नव्हता.

शुभा भिंतीला टेकून बसली, पोटावरून हात फिरवत.

"हे पण बघा ना, कालपासून नुसतं झोपलंय. एक लाथ नाही. आई म्हणते, दिवस भरत आले की पोरं गप्प होतात. होतात ना, बाबा?"

गुणाजी अनवाणीच रिक्षा आणायला धावला, आणि भर रस्त्यात मोठ्याने रडत धावला.